एका लेबलाचा फरक

प्रिंटरच्या खोलीत शिरण्याआधी अण्णा प्रत्येकाला कमरेचा पट्टा काढायला लावायचे. घड्याळ, अंगठी, कडं, किल्ल्या, खिशातली नाणी, सगळं दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या टोपलीत. एकदा एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे मालक मशीन बघायला आले. अंगात सूट, मागे चार माणसं. अण्णांनी त्यांच्यापुढे टोपली धरली. मालकांना वाटलं, देवळासाठी वर्गणी मागतायत. पट्टा म्हटल्यावर ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाहीये. पुढची वीस मिनिटं ते एका हाताने पँट धरून आमचं काम बघत होते. जाताना त्यांनी विचारलं, "आणि तुमचा पट्टा कुठंय?" तेव्हा अण्णांनी शर्ट थोडा वर करून दाखवला. शिंप्याकडून पँटला नाडी शिवून घेतली होती. एका नाही, सगळ्या पँटींना.

त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. बंगळूरच्या कोरमंगलात एका बिर्याणीच्या हॉटेलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गोदामांना आणि कारखान्यांना लेबल छापायचे प्रिंटर बसवून द्यायचे, बिघडले की जाऊन दुरुस्त करायचे, हा धंदा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्कश आवाज करायचे तेव्हापासून अण्णा तिथे होते. मग बारकोड आले, ते त्यांनी अंगवळणी पाडून घेतले. पन्नाशी उलटल्यावर चिपची लेबलं आली, आरएफआयडी म्हणतात ती. ती आली त्या दिवशी त्यांनी लग्नातली अंगठी काढून बायकोच्या हातात दिली, कारण चिपजवळ धातू आला की ती गोंधळते. अंगठी परत बोटात गेली नाही. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. ऑफिसच्या कार्यक्रमात भेटल्या की अक्का तक्रार करायच्या, "दुसरी बाई असती तर भांडले असते. प्रिंटरशी काय भांडू?"

हे लेबल दिसायला साधंच असतं. कागदाच्या पोटात तांदळाच्या कणीपेक्षा बारीक चिप आणि तिच्याभोवती पातळ धातूची नक्षी. प्रिंटर वर नंबर छापतो आणि त्याच वेळी आत चिपवर तोच नंबर लिहितो. वरचा माणसाने डोळ्यांनी वाचायचा. आतला रीडर नावाचं यंत्र लांबून, खोका न उघडता वाचतं. दोन्ही नंबर एकच असले पाहिजेत. आमच्या सगळ्या कामाचा अर्थ एवढाच.

मी नवीन होतो तेव्हा मला ते कळायचं, पण उमगायचं नाही. अण्णांनी मला त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. ते वठारात वाढले. वठार म्हणजे एकाच अंगणाभोवती ओळीने आठ-दहा बिऱ्हाडं, भिंतीला भिंत.

"आई लाडू करायची आणि मला हाक मारायची. हळू मारली तर मला ऐकू यायची नाही. मोठ्याने मारली तर शेजारच्या घरातला तो गुंड्या धावत जायचा आणि माझा लाडू खाऊन यायचा. मी गेलो की आई म्हणायची, दिला की तुला आत्ताच! मग आईने काय केलं, ठाऊक आहे? आमच्या दारात, नेमक्या एका फरशीवर उभी राहायला लागली, आणि नेमक्या एका आवाजात हाक मारायला लागली. आमच्या घरात पोचेल, गुंड्याच्या घरात नाही. सरी? कळलं ना? तुमच्या प्रिंटरला तेवढंच शिकवायचं आहे. कुठे उभं राहायचं आणि केवढ्याने हाक मारायची."

मशीनच्या या जुळणीवर, म्हणजे कॅलिब्रेशनवर, मी नंतर जाडजूड पुस्तिका वाचल्या. त्यांत याहून जास्त काही नाही.

मला ते "पुणे" म्हणायचे. "अहो पुणे, स्वल्प इकडे या." मी मिरजेचा. तसं मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "मिरज तर आमच्याच बाजूला आहे की. पण तुमची मराठी पुण्याची. अर्धी इंग्रजीत आहे." त्यांची स्वतःची मराठी अर्धी कन्नड होती, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बंगळूरला आलं असं ते सांगायचे. "मग परत का नाही गेलात?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सिग्नल लागला होता. अजून सुटला नाही."

मी घर घेतलं मारतहळ्ळीला. का, ते त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. मिरजेहून जागेच्या इंग्रजी जाहिराती बघताना मी ते नाव "मराठाहळ्ळी" असं वाचलं होतं आणि समजलो होतो की तिथे आपली माणसं असणार. शेजारी तेलुगू, वर ओडिया, खाली बंगाली. अण्णा इतके हसले की प्रिंटरचा आधार घ्यावा लागला. "वरचं वाचलंत आणि राहायला गेलात! आत काय लिहिलंय ते विचारलं नाहीत!" पुढचे सहा महिने ऑफिसात जो नवा येईल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. रागवावं असं मला कधी वाटलं नाही. त्या शहरात माझ्यावर आपलेपणाने हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

नवा रोल घातला की तो प्रिंटरला नव्याने ओळखून द्यावा लागतो. प्रिंटरवर त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की मशीन दोन-चार लेबलं मागेपुढे सरकवतं आणि चिप कुठे बसली आहे, किती पॉवर लावायची, ते आकडे स्वतःच ठरवतं. बाकी सगळे तेवढ्यावर थांबायचे. अण्णांचं काम तिथून सुरू व्हायचं.

"अण्णा, मशीन म्हणतंय झालं."

"मशीन म्हणतंय. लेबलाला विचारलं काय?"

मग ते दहा लेबलं छापायचे, एकेक फाडून हातात घ्यायचे आणि खोलीबाहेर जाऊन जिन्यात उभे राहायचे. तिथे एकेका लेबलाला एकटं धरून रीडर लावायचे आणि छापलेला नंबर मोठ्याने वाचून आतल्याशी ताडून बघायचे. प्रिंटरजवळ वाचायचं नाही, रोलजवळ नाही. "चारचौघांत विचारलं तर शेजारी उत्तर देतो." लोक जिन्यावरून वरखाली करायचे. हा नाडीची पँट घातलेला माणूस कागदाच्या कपट्यांना नंबर विचारतोय हे बघून गालात हसायचे. अण्णा त्यांनाही थांबवायचे. "स्वल्प लांबून जा. तुमच्या खिशात किल्ली आहे."

प्रिंटरला एखाद्या चिपवर लिहिता आलं नाही तर तो त्या लेबलावर आडवं "व्हॉइड", म्हणजे रद्द, असं छापतो आणि पुढच्याकडे जातो. गिऱ्हाइकांना तो शब्द दिसला की चीड यायची. अण्णांना नाही. ती लेबलं ते एका बिस्किटांच्या डब्यात साठवायचे, धातूचा डबा म्हणून तो खोलीबाहेर ठेवलेला. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने कारण लिहिलेलं: "घडी पडली." "रोल थंड होता." "मी घाई केली." एकदा आमचे मॅनेजर म्हणाले, कचरा कशाला साठवता? अण्णा म्हणाले, "सर, या ऑफिसात स्वतःहून 'मला जमलं नाही' म्हणणारी एवढीच आहेत. टाकून कशी देऊ?"

एका दसऱ्याच्या आयुधपूजेनंतरचं आठवतं. पीण्या भागातल्या एका कपड्यांच्या गोदामातून फोन आला, पूजा झाल्यापासून प्रिंटर एकही लेबल धड देत नाहीये. गेलो. प्रिंटरला हळदकुंकू, बाजूला फोडलेला कोहळा, आणि लेबल जिथून बाहेर येतं त्या तोंडाशी चंदेरी चमकीची झालर. अण्णांनी आधी टोपलीत घड्याळं गोळा केली. मग प्रिंटरला नमस्कार केला. मग झालर सोडवली आणि तिथे देवीपुढची झेंडूची माळ घातली. पहिलंच लेबल बरोबर आलं. गोदामाचे मॅनेजर घाबरून विचारत होते, "देवी कोपली होती का?" अण्णा म्हणाले, "देवी नाही हो, चमकी. देवीला झेंडूच आवडतो." दुसऱ्या वर्षापासून त्या गोदामात कुठल्याच मशीनला चमकी लागली नाही.

या शहरात सगळं ज्या एका वाक्यावर चालतं, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", म्हणजे थोडं जमवून घ्या, ते वाक्य प्रिंटरच्या खोलीत उच्चारायला त्यांची बंदी होती. बसमध्ये बोला, हॉटेलात बोला. इथे नाही.

आणखी एक सवय होती, तिच्यावर पुढचं सगळं बेतलं आहे. काम झालं की प्रत्येक मशीनचा एक कागद भरून त्याच्यावरच चिकटवायचा असे: रोल कुठला, चिपची जागा, पॉवर, वेळ, सही. अण्णा आकडे पेन्सिलीने लिहायचे आणि सही पेनने करायचे. मी विचारलं होतं का. "रोल बदलला की आकडा बदलतो. मी बदलत नाही."

इथवर लिहिताना मला बरं वाटत होतं.

बंगळूरजवळ होसकोट्याला एका गोदामात गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये बसवायचे कृत्रिम भाग येत आणि तिथून दवाखान्यांना जात. प्रत्येक भागाचा वेगळा खोका, त्यावर आमच्या प्रिंटरचं लेबल. डावा गुडघा, उजवा गुडघा, डावा, उजवा, अशीच ओळीने छापायची, कारण ते जोडीजोडीने मांडलेले असत. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी अण्णा आणि मी तिथे गेलो. दुपारी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. दुसराही होता, तो नंतर काढू असं ठरलेलं. अण्णांनी मशीन लावलं, दहा लेबलं जिन्यात नेली, एकेक वाचली. पॉवर सोळा. कागद भरला, सही केली. बारा वाजता निघताना मला म्हणाले, "रोल बदलला तर फोन करा. मी उचलला नाही तर काम थांबवा."

दोनच्या सुमारास रोल संपला. नवा घातला, तो वेगळ्या मालाचा होता. मी बटण दाबलं, मशीनने आकडे ठरवले, पण चार लेबलांत एक व्हॉइड येत होतं. पाठवणीचे प्रमुख तिथे उभे होते. बाहेर गाडी उभी होती.

"किती कचरा करताय? स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी ना सर!"

मी अण्णांना फोन केला नाही. ते दवाखान्यात असतील, त्यांना कशाला त्रास, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो आणि पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिलो. ते खरं नव्हतं. मला अण्णांशिवाय एक काम करून दाखवायचं होतं. मी पॉवर वाढवली. अठरा, वीस, बावीस. बावीसला व्हॉइड थांबलं. एकामागून एक स्वच्छ लेबलं बाहेर पडायला लागली. प्रमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कागदावरचा सोळा खोडरबराने पुसला आणि तिथे बावीस लिहिले. उद्या अण्णांना सांगू असं ठरवून. खाली त्यांची सही होती. जिन्यात मी गेलो नाही.

झालं होतं असं, की बावीसची हाक शेजारच्या घरात पोचत होती. प्रिंटर पहिल्या लेबलावर "एक" छापायचा, पण चिपवर लिहिताना उत्तर द्यायची ती मागची, दुसऱ्या लेबलाची चिप. म्हणजे पहिलं लेबल आतून रिकामं, आणि पुढच्या प्रत्येकाच्या पोटात त्याच्या आधीच्याचा नंबर. वर डावा, आत उजवा. वर उजवा, आत डावा. आणि मशीनच्या दृष्टीने सगळं उत्तम, कारण ते ज्याच्यावर लिहायचं त्यालाच परत विचारायचं.

दोनशे खोके गेटच्या रीडरखालून गेले. गेट म्हणालं, एकशे नव्व्याण्णव. शेवटचा नंबर सापडत नव्हता, तो अजून न छापलेल्या पुढच्या लेबलाच्या पोटात होता. एवढ्याशा फरकात सगळं सांगितलेलं होतं. अण्णा असते तर त्यांनी गाडी रिकामी करायला लावली असती. मला वाटलं, एक चिप खराब असेल. मी शेवटच्या नंबरचं लेबल पुन्हा छापलं आणि त्याच खोक्यावर जुन्याशेजारी चिकटवलं. गेट म्हणालं, दोनशे. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा रजेवर होते. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात एका बाईंना भूल दिल्यावर खोका उघडला गेला, आणि रीडरच्या पडद्यावर डावा दिसत होता तो भाग हातात उजवा निघाला. बंद पेट्यांतून माल पाठवताना सगळ्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला होता. चीर दिलेली नव्हती, एवढं नशीब. त्या बाईंना तशाच परत खोलीत नेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा हात लावून गुडघा चाचपला असेल, असं मला अजूनही वाटतं. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

चौकशी आमच्याच ऑफिसात झाली. मॅनेजर, गिऱ्हाइकाकडची दोन माणसं, पाठवणीचे प्रमुख, अण्णा, मी. टेबलावर तो कागद.

"पॉवर बावीस," मॅनेजर म्हणाले. "अण्णा, तुम्ही मशीन बावीसवर सोडलं?"

अण्णांनी कागद जवळ ओढला. चष्मा वर केला. मग आकड्यावरून तर्जनी फिरवली, सावकाश, जसे ते लेबलात चिप कुठे आहे ते चाचपायचे. पुसलेला कागद बोटाला खरखरीत लागतो.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

"मी आकड्याबद्दल विचारतोय."

"सही कागदाच्या खाली असते सर. वर जे आहे त्या सगळ्याची असते."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "दुपारी तुम्ही होतात. तुम्ही काही बदललं?"

पाठवणीचे प्रमुख टेबलाची कड बघत होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मुद्दाम, मला मोकळं वाटावं म्हणून, हे आता कळतं. मी कितीतरी कारणं मनात जमवून गेलो होतो: नोकरी अजून कायम झालेली नव्हती, बायकोला सातवा महिना होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यातलं एकही आठवलं नाही. "नाही" हा शब्द तोंडाजवळ होता आणि "हो" फार लांब होता, इतकंच.

"नाही," मी म्हणालो.

महिन्याच्या शेवटी अण्णांना नोकरी सोडावी लागली. निरोपाचा चहा नव्हता, हार नव्हता. त्यांनी हत्यारांची लाकडी पेटी उचलली, माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "पुणे, रोल बदलला की स्वल्प थांबत जा." त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी चांगला माणूस झालो, म्हणजे कामात. जिन्यात जाऊन लेबलं वाचतो. टोपली धरतो. आता सर्व्हिस विभाग माझ्याकडे आहे आणि नव्यांना मीच शिकवतो. वठाराची गोष्ट सांगतो, आई, लाडू, गुंड्या, सगळं. केव्हापासून ते आठवत नाही, पण मी ती माझी म्हणून सांगायला लागलो होतो. या उन्हाळ्यात एका शिकवणीत एक मुलगी, चिकपेटच्या जुन्या मराठी घरातली, हात वर करून म्हणाली, "सर, तुम्ही मिरजेचे ना? मिरजेत वठार असतं?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या रविवारी मी चामराजपेटला, अण्णांच्या घरी गेलो.

अण्णांनीच दार उघडलं. केस सगळे पांढरे, पँटला नाडी. "अरेच्चा, पुणे! या या. पट्टा राहू दे, आता इथे मशीन नाही." आतून अक्कांनी विचारलं, "कोण आलंय?" "आमच्या ऑफिसातले पुणे." भांड्यांचा आवाज थांबला आणि मग कॉफीचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मी लगेच बोललो. थांबलो असतो तर बोललो नसतो. रोल, बावीस, खोडरबर, गेटवरचं एक लेबल, आणि "नाही". अण्णांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"माहीत होतं," ते म्हणाले. "कागद हातात घेतला तेव्हाच कळलं. दवाखान्यातून तुम्हाला विचारायला फोन करणार होतो, रोल बदलला काय म्हणून. तेवढ्यात हिला आत नेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्यांनी खांदे उडवले. "स्वल्प जास्तच थांबलो."

मला माफी मागायची होती, ती मागायला मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ते नंतर. मला माहीत होतं, मला सांगून काय होणार? हिला माहीत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "हिला वाटतं हिच्या ऑपरेशनपायी मी घाईत निघालो आणि मशीन चुकीचं लावलं. हिच्या डोळ्याने माझी नोकरी गेली. शंभर वेळा सांगितलं, तसं नाही गं. तर म्हणते, तुम्ही माझी समजूत काढता. दुसरा डोळा अजून तसाच आहे. डॉक्टरकडे नेतो म्हटलं की म्हणते, एकाने केलं तेवढं साकु, पुरे."

अक्का कॉफी घेऊन आल्या. ट्रे ठेवताना मान एका बाजूला वळवून ठेवत होत्या, उजव्या डोळ्याने बघता यावं म्हणून. डाव्या बुबुळावर दुधासारखं पांढरं आलं होतं.

"अगं, बस स्वल्प," अण्णा म्हणाले. "यांना काही सांगायचं आहे."

मी सांगितलं. अण्णांना सांगण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, कारण अक्कांना प्रिंटरमधलं काही कळत नव्हतं आणि कुठल्याही शब्दामागे लपता येत नव्हतं. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या अण्णांच्या तोंडाकडे बघत होत्या, ते सगळं यांनीच शिकवून आणलंय का ते शोधत.

"म्हणजे हे निघाले तेव्हा मशीन बरोबर होतं?"

"हो."

"घाईत होते. मी दोनदा फोन केला होता, उशीर होतोय म्हणून."

"तुमचे फोन आले तेव्हा ते जिन्यात होते अक्का. दहाची दहा लेबलं वाचल्याशिवाय निघाले नाहीत. मशीन मी बिघडवलं."

"आणि यांना विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"शेजारी बसलो होतो. मलाही विचारलं. मी नाही म्हणालो."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. अक्कांनी पदराने उगाच ट्रेची कड पुसली.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

"अगं, सांगितलं की त्यांनी."

"तुम्ही गप्प बसा. नऊ वर्षं बसलात ना, तसेच." त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवलं, जिथून उजव्या डोळ्याला मी नीट दिसेन. बसल्या. मान सरळ केली. "मघाशी मी यांच्याकडे बघत होते. आता तुमच्याकडे बघून ऐकते. सकाळपासून सांगा. घाई नको."

मी कॉफी खाली ठेवली आणि सकाळपासून सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही दोघं होसकोट्याला गेलो, आणि अण्णांनी मशीन बरोबर लावलं.